अडकलेली पुंगळी

हरणांचा मोसम तोंडावर आला की मोंटानाच्या त्या खोऱ्यातल्या सगळ्यांना आपापल्या बंदुका एकदम आठवत. कुणाचा खटका घट्ट, कुणाची नेमाची माशी वाकडी. ऑर्विल टॉरगेसनच्या दुकानात मग पाय ठेवायला जागा नसे. बाप गेल्यापासून तो एकटाच हे काम करी. बंदुकीत एक तर घाण असते, नाहीतर गंज. तिसरं काही नसतं, असं तो गिऱ्हाइकांना ऐकवी.

कॉर्डी रस्क आली ती गर्दी ओसरल्यावर, दुपारी. घोंगडीत गुंडाळलेली बंदूक तिनं टेबलावर ठेवली आणि तापल्या तव्यावरून घ्यावा तसा हात मागे घेतला.

"मेंढपाळाला ओढ्यात सापडली. लायनसची आहे."

ते सांगायची गरज नव्हती. तिचा नवरा लायनस मागल्या मोसमात याच एकबारी बंदुकीसह डोंगरावर गेला होता. त्याच संध्याकाळी बर्फ सुरू झालं. शोधणाऱ्यांनी डोंगर पिंजून काढला, पण त्याची टोपीसुद्धा हाती लागली नाही.

"आत पुंगळी अडकलीय," कॉर्डी म्हणाली. "त्या दिवशी एकच बार ऐकला मी. अंगणात चादरी वाळत घालत होते. म्हटलं, चला, हरिण मिळालं." तिनं घोंगडीची कड सरळ केली. "अडचणीत सापडलं की तीन बार काढायचे असतात ना रे?"

त्या डोंगरात पोरासोरांनाही ठाऊक होतं. एक बार म्हणजे शिकार, लागोपाठ तीन म्हणजे धावा. आणि एकबारी बंदुकीत झाडलेल्या काडतुसाची पुंगळी निघाल्याशिवाय दुसरं काडतूस बसत नाही.

"का अडकली, तेवढं मला सांग," ती म्हणाली आणि निघून गेली.

ऑर्विलनं नळीच्या तोंडातून पितळी गज घातला, दोन ठोके दिले. पुंगळी निघाली, हिरवी पडलेली. काडतूस जिथं बसतं त्या घराला गंजाचे बारीक खड्डे पडले होते. बार उडाला की पितळ फुगतं, असल्या खड्ड्यांत रुतून बसतं, मग पुंगळी ओढणारा आकडा करणार काय? पण हा गंज ओढ्यातल्या पाण्याचा होता. त्या दिवशीचं कारण वेगळं असणार.

त्यानं घर घासून आरशासारखं केलं. आकड्याची झिजलेली कड काढून नवी बसवली. घरात वितळलेलं गंधक ओतून ठसा घेतला. थंड झाल्यावर बोटानं ढकलताच तो सुटला. कुठं ओरखडा नाही, कुठं बाक नाही. समाधानानं त्यानं दुकानामागच्या मातीच्या बांधावर बार काढला आणि पुंगळी बाहेर टाकणारी दांडी खाली ओढली.

पुंगळी अडकली होती.

त्यानं काडतुसात दारू कमी भरली. अडकली. तेलाचा अंशही पुसून काढला, दुसऱ्या खोक्यातली काडतुसं घेतली. अडकली. आणि गजानं ठोकून काढलेली पुंगळी तळहातावर पडली की त्याला दचकायला होई. नुकतं झाडलेलं पितळ चटका देतं. हे विहिरीतून काढल्यासारखं गार होतं. एकीच्या पोटात पाण्याचा थेंब होता.

गजाला लागणारा जोरही त्याला खटकू लागला. रुतलेला धातू सुटतो तो एकदम. हे आतून हळूहळू सुटत होतं. मुठीतली वस्तू एकेक बोट उघडून काढून घ्यावी, तसं.

"लग्न लाव आता त्या बंदुकीशी," शेजारचा हार्लन कॉफीचा पेला घेऊन दारात उभा होता. "बाकीच्यांच्या बंदुका काय पुढल्या जन्मी देणार?"

"तू काढून दाखव."

हार्लननं बंदूक उचलली. बांधाकडे त्याच्या गाई चरत आल्या होत्या, म्हणून तो बाजूच्या दारातून बाहेर पडला आणि उत्तरेच्या उतारावरच्या वाळक्या खोडावर नेम धरला. बार उडाला. दांडी ओढताच पुंगळी टुणकन गवतात पडली.

"बघ म्हाताऱ्या! हात लागतो त्याला."

ऑर्विलनं ती उचलली. चटका बसला. त्यानं गाई हाकलल्या, बंदूक घेतली, बांधाकडे वळून बार काढला. अडकली. उत्तरेकडे काढला. सुटली. पुन्हा तेच, पुन्हा तेच. हार्लनचं हसू कधी विरलं ते दोघांनाही कळलं नाही.

"काही बोलू नकोस कुणाला," ऑर्विल म्हणाला.

"बोलून काय सांगणार?" हार्लन पेला तिथंच विसरून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑर्विल कॉर्डीच्या दारात उभा राहिला. घोकून आणलेली वाक्यं आता वेडगळ वाटत होती. तरी बंदूक एकाच दिशेला पुंगळी सोडते, हे त्यानं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "थांब. बूट घालते."

दोघं बंदूक घेऊन उत्तरेकडे डोंगर चढू लागले. जिथं वाट फुटे तिथं तो बार काढी. चुकीच्या दिशेला पुंगळी अडके. मग गज, ठोके, पुन्हा भरणं. बरोबर दिशेला ती आपसूक येई, आणि जसजसं वर चढावं तसतशी अधिकच अलगद. देवदारांची दाटी संपली, उघडा खडक लागला. पायाखाली पहिलं भुरभुर बर्फ होतं.

एका कड्यापाशी बंदूक कुठल्याच बाजूला अडकेना.

ऑर्विलनं खाली पाहिलं. खडकात एक चीर होती, माणूस मावेल एवढी. वरून घसरलेल्या बर्फानं गेल्या वर्षी ती बुजवली असणार. बंदूक त्या लोंढ्याबरोबर ओढ्यात गेली होती.

लायनस मात्र वाहून गेला नव्हता. तो भिंतीला टेकून बसला होता. ऊन न पोचणाऱ्या त्या जागेत कातडं लाकडासारखं वाळलं होतं. एक पाय उलटा वळलेला. उजवा हात मांडीवर, तळवा वर.

कॉर्डी कडेला गुडघ्यांवर बसली.

"एक त्यानं काढलाय," ती म्हणाली. "राहिलेले दोन काढ."

"कॉर्डी, आता कुणी—"

"काढ, ऑर्विल."

त्यानं आभाळाकडे नळी करून बार काढला. पुंगळी उसळून बर्फावर पडली, चर्र झालं.

त्यानं पुन्हा भरलं. बार काढला. आवाज खोऱ्यात उतरत गेला.

दांडी ओढली.

काडतुसाचं घर रिकामं होतं. पायाशी एकच पुंगळी होती, आधीची. त्यानं बर्फ चाचपलं, बंदूक उलटी करून झटकली.

"ऑर्विल," कॉर्डी हळूच म्हणाली.

ती चिरेत वाकली होती. लायनसचा तळवा मिटला होता.

तिनं हातमोजा काढला आणि ती वाळकी बोटं एकेक करून उघडली. आतल्या पुंगळीला बोट लागताच तिनं चटकन हात मागे घेतला.

"गरम आहे," ती म्हणाली.