चराखालचे तीन मीटर

मातीच्या धरणातून थोडं पाणी पाझरतंच. त्याची भीती नसते. ते गढूळ व्हायला लागलं की मात्र घास गोड लागत नाही, कारण मग पाणी आतली माती पोखरून बाहेर आणत असतं.

त्या आठवड्यात धरणाच्या पायथ्याशी, गळती मोजायच्या टाक्यात पाणी तांबूस दिसू लागलं. सेकंदाला नऊ लिटर. खाली दोन गावं.

हे धरण बांधताना मी इथेच होतो, आणि माझी बायकोही. मी बांधकामावर, ती भूगर्भतज्ज्ञ. धरणाच्या पोटाखाली नदीची वाळू असते. तिच्यातून पाणी पलीकडे जाऊ नये म्हणून खडकापर्यंत चर खणतात आणि चिकणमाती ठोकून भरतात. चराच्या तळाशी उभी राहून ती हातोडीने खडक वाजवत जायची. एका जागी आवाज बद्द आला.

"इथे भुसभुशीत पट्टा आहे," ती म्हणाली. "अजून तीन मीटर खणू या."

"पाऊस तोंडावर आलाय."

"पाण्याला घाई नसते रे. ते बसेल वाट शोधत."

मी सही केली आणि चर भरायला घेतला. ती भांडली नाही. आठ दिवस कामापुरतं बोलली, एवढंच. पुढच्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हा कडाकडा भांडली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

गळती त्याच पट्ट्यातून असणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. धरणाच्या माथ्यावरून सरळ खाली भोक पाडायचं आणि खडकात सिमेंट दाबून भरायचं, असं ठरलं. ड्रिलिंगचं काम मामांकडे होतं. सगळे त्यांना मामाच म्हणत. तीस वर्षं जमिनीत भोकं पाडणारा, कमी बोलणारा माणूस.

माथ्यापासून तेहतीस मीटरवर चराचा तळ, त्याखाली खडक. दुपारी तीनच्या सुमाराला मामांनी हाक मारली.

"साहेब, नकाशा चुकलाय का? माती संपतच नाहीये."

नळीतून निघालेली माती मी हातात घेतली. काळी, ओलसर, नीट थर देऊन ठोकलेली. चौतीस, पस्तीस. छत्तीस मीटरला खडक लागला, अगदी टणक.

चर भरला तेव्हा मी काठावर उभा होतो. तळ तेहतीसलाच होता.

नळीतून आलेल्या मातीच्या शेवटच्या तुकड्याच्या टोकाला दोन बोटं आणि अंगठा दाबल्याच्या खुणा होत्या. माती भरण्याजोगी ओली आहे का, हे आम्ही सगळेच तशी दाबून बघतो. मी माझी बोटं त्या खुणांवर ठेवून पाहिली. बसली नाहीत. हात लहान होता.

दुसऱ्या दिवशी गळती सहा लिटर. मग चार. चौथ्या दिवशी पाऊण लिटर, आणि पाणी नितळ. सिमेंटची एकही गोणी अजून फोडली नव्हती.

"आता भोक बुजवून टाका," मामा सामान आवरता आवरता म्हणाले.

"राहू दे. पाण्याची पातळी बघायला उपयोगी पडेल."

ते माझ्याकडे बघत राहिले. "काल मशीन बंद केल्यावर मी पाइपाला कान लावला होता, साहेब."

"काय ऐकू आलं?"

"काहीच नाही. पण कुणीतरी हातातलं काम थांबवून ऐकावं ना, तसं वाटलं."

मी अहवालात लिहिलं, भोक निरीक्षणासाठी राखून ठेवलं आहे. वर लोखंडी टोपण बसवलं. किल्ली माझ्याकडे.

मुलीचा फोन आला. "बाबा, निवृत्तीला चार महिने राहिले. रजा शिल्लक आहे ना? मग या की इकडे."

"एक भोक बुजवायचं राहिलंय."

"तेवढं दुसरं कुणी करेल!"

"करेल," मी म्हणालो आणि विषय बदलला.

रोज जेवणानंतर मी माथ्यावर जातो. टोपण काढतो, दोरीला बांधलेलं शिशाचं वजन खाली सोडतो. पहिल्या दिवशी ते छत्तीस मीटरवर टेकलं. दुसऱ्या आठवड्यात एकतीसवर. वजनाला चिकटून काळी माती वर आली, ठोकलेली.

मी नोंदवहीत छत्तीसच लिहिलं.

मग चोवीस. मग तेरा.

परवा मी खाली वाकून म्हणालो, "चूक माझी होती." एवढं म्हणायला बारा वर्षं लागली. आवाज खाली गेला. परत आला नाही.

काल चार मीटर.

आज ऊन चांगलं होतं, तळं अगदी स्थिर. वजन एक मीटर दहावर टेकलं. मी दोरी ओढली.

ती लगेच सुटली नाही.