ओठावरची दोरी

आम्ही पॅडल लेकवर निघालो होतो ते एका प्रश्नाचं उत्तर आणायला. गळाला लागलेला मासा आर्वोला अजून कळतो की नाही, एवढाच तो प्रश्न!

आर्वो म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, लेम्पीचा नवरा. आमच्या उत्तर मिनेसोटात तळी पैशाला पासरी आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांचे तळ या माणसाला तोंडपाठ. उन्हाळाभर शहरातल्या हौशी लोकांना हलक्या निमुळत्या होडीत, कॅनूत, घालून मासे दाखवत फिरायचं, हाच त्याचा धंदा आणि हीच त्याची चैन. पण या हिवाळ्यात त्याला कर्करोगाची औषधं घ्यावी लागली. रोग गेला, पण औषधांनी बोटं बधिर केली. शर्टाची बटणं लेम्पी लावून द्यायला लागली. मग एके दिवशी त्याने एका फळीवर लाल रंगाने लिहिलं, 'कॅनू विकणे आहे'. अक्षरं प्यायल्यासारखी एकमेकांवर कलंडलेली. फळी सौनामागे, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीमागे, ठेवून तो म्हणाला, "बर्फ फुटला की पॅडल लेकवर जायचं. गार पाण्यातल्या बास माशाचा चावा मला कळला तर ठीक. नाही कळला तर ही फळी रस्त्याच्या कडेला लावायची."

माणूस हट्टी, त्यामुळे परीक्षाही त्याने सगळ्यात अवघड निवडली. उन्हाळ्यात स्मॉलमाउथ बास गळावर असा तुटून पडतो की झोपलेल्यालाही जाग यावी. पण वसंताच्या सुरुवातीला, बर्फ नुकता फुटलेला असताना, तो स्वतःच अर्धवट झोपेत असतो. तळ्यातले सगळे बास एखाद्या खोल खडकाशी गोळा होऊन पडून राहतात. हरणाच्या केसांचा इवलासा गळ समोर येऊन पडला तर तोंडात घेऊन बघतात, नाही आवडला तर थुंकून टाकतात. वर काठीवर काहीच होत नाही. दोरी जराशी जड होते, ओलं पान अडकल्यासारखी. वर्षातला सगळ्यात हलका चावा!

पॅडल लेकला रस्ता नाही. कॅनू डोक्यावर उपडी घालून जंगलातून चालत जायचं. आर्वोच्या अंगात अजून ताकद नव्हती, म्हणजे हमाल कोण, ते सांगायला नको! स्प्रूसच्या झाडांच्या सावलीत अजून गुडघाभर बर्फ होता आणि उन्हात तेवढाच चिखल.

"मेव्हण्या, तू कॅनू नेतोयस की कॅनू तुला?" मागून आर्वोने विचारलं.

"गप बस! माझा पार काटा ढिला झालाय."

"दोघांनीही तोंडं कमी चालवा आणि पाय जास्त," लेम्पी म्हणाली. तिच्या पाठीवर सगळं खाणंपिणं होतं आणि तरी ती सगळ्यांच्या पुढे होती.

पुढे ओढ्यावरचा ओंडका पुराने वाहून नेलेला. आम्ही बूट गळ्यात अडकवले आणि एकमेकांना धरून पाण्यात उतरलो. पाणी कसलं, सुया होत्या नुसत्या! पलीकडे पोचलो तेव्हा तिघांच्याही पोटऱ्या लालभडक झाल्या होत्या. आर्वो मात्र हसत होता. कित्येक महिन्यांनी मी त्याला हसताना पाहत होतो.

आणि मग झाडं संपली आणि तळं दिसलं. अर्धं तळं मोकळं, निळं, आरशासारखं स्तब्ध. उरलेल्या अर्ध्यावर, पलीकडच्या काठापर्यंत, करड्या बर्फाचा एक भलामोठा पापुद्रा तरंगत होता. या दिवसांत आमच्याकडचा बर्फ आतून पोखरतो आणि त्याच्या उभ्या कांड्या सुटतात. वाऱ्याने हलल्या की त्या एकमेकींवर वाजतात. सबंध तळ्यावर तो नाद पसरला होता, कुठेतरी लांब काचेच्या बांगड्यांनी भरलेले हजार हात हलत असावेत तसा. दक्षिणेचा मंद वारा त्या बर्फाला आमच्यापासून दूर ढकलत होता. एक लून पक्षी लांबलचक हाक मारून गप्प झाला. मी कॅनू खाली ठेवली आणि बघत उभा राहिलो.

आमची खाडी एका उंच कड्याखाली होती. तिच्या तोंडाशी, पाण्याखाली बुडालेल्या एका खडकावर, आम्ही दगड भरलेली पिशवी दोरखंडाने सोडून कॅनू थांबवली. लेम्पीने कॉफी ओतली. आर्वोने कप दोन्ही तळव्यांत धरून तोंडाला लावला आणि ओरडला, "अगं, तोंड भाजलं!"

"फुंकून पी की. लहान आहेस का?" असं म्हणत तिने त्याच्या हातात वेलदोड्याच्या पावाचा तुकडा दिला.

पहिला मासा लेम्पीलाच लागला. काशाच्या रंगाची मादी, डोळा लाल, पोट अंड्यांनी टपोरं. या दिवसांत आम्ही एकही बास ठेवून घेत नाही. गळाची उलटी अणी आर्वो कानशीने घासूनच टाकतो, म्हणजे दोरी ढिली पडली की मासा आपला आपण सुटतो. लेम्पीने तिला पाण्यात क्षणभर आधार दिला. ती शेपटी हलवून सावकाश, झोपेत चालल्यासारखी, काळ्या पाण्यात उतरली.

मग आर्वोची पाळी. दोरी बोटावर घेऊन तो पुतळ्यासारखा बसला. थोड्या वेळाने त्याची दोरी किंचित बाजूला सरकली. मला दिसलं, लेम्पीलाही दिसलं. पण कुणी सांगायचं नाही, हे ठरलेलं! त्याला काही कळलं नाही. दोरी पुन्हा जागेवर आली. त्याने गळ वर काढला तर केस चावून चोथा झालेला. असं आणखी दोनदा झालं. मला त्याच्याकडे बघवेना.

"चला," तो शेवटी म्हणाला. "मिळालं उत्तर."

लेम्पीने त्याची दोरी घेतली, नवा गळ बांधायला लागली. गाठ आवळण्याआधी ती ओली करायची असते, म्हणून तिने ती तोंडात धरली आणि तशीच थांबली. मग म्हणाली, "आर्वो, सकाळी तुझं तोंड भाजलं."

"मग?"

"कपाचा चटका हातांना कळला नाही. ओठांना कळला."

आर्वो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने काठी काखेत दाबली, गळ टाकला, रिळाजवळची दोरी वर ओढून दोन्ही ओठांत धरली आणि डोळे मिटले.

वारा पडला होता. ऊन पाठीवर बसलं होतं, कॉफी पोटात होती, पाणी कॅनूला हलकेच थोपटत होतं. मला वाटलं, आम्ही तिघंही त्या खडकाशी पडून असलेल्या माशांसारखे झालोय, ना थंडी ना घाई. बांगड्यांचा तो नाद तेवढा कानात भरत होता. वारा परत सुटला होता, आता गालाच्या दुसऱ्या बाजूने. नाद वाढत गेला. किती गोड! माझे डोळे मिटायला लागले.

"छान वाजतंय," मी पुटपुटलो.

"जवळ वाजतंय!" लेम्पी म्हणाली.

त्याच क्षणी आर्वो बंद ओठांतूनच हुंकारला, "आली!"

मी काठीच्या टोकाकडे बघितलं. ते अगदी स्थिर होतं. आर्वोने कोपराने काठी उचलली आणि मग, त्याच्या हुंकारानंतर, ते टोक पाण्याकडे वाकलं! मासा लागला होता! त्याच्या आधी मला काही दिसलं नव्हतं, लेम्पीला दिसलं नव्हतं. त्याला कळलं होतं!

आनंदाने ओरडणार तेवढ्यात मी मागे वळून बघितलं. वारा उलटला होता. तो अख्खा पापुद्रा आमच्यावर चालून येत होता! त्याची कड खाडीच्या तोंडाशी पोचली होती. मागे कडा, पुढे बर्फ!

"दोरखंड ओढ!" लेम्पी ओरडली.

ओढला. हलेना. पिशवी खडकाच्या फटीत अडकली होती. मी सुरी काढली, कापायला लागलो. बर्फ कॅनूच्या नाकाला लागला. खर्रर्र!

"आर्वो, काठी टाक! वल्हं घे!"

"काठी टाकली तर ती बिचारी मादी काठी ओढत फिरेल!"

"मग सोड तिला!"

सोडायची कशी? त्या बोटांना रिळाची कळ सापडेना, सुरी माझ्या हातात. आर्वोने एकदा त्या ताणलेल्या दोरीकडे बघितलं. सबंध हिवाळा ज्याची वाट बघितली, ते तिच्या टोकाला होतं. त्याने मान वाकवली, दोरी दाढेखाली घेतली आणि कचकन तोडली!

दोरखंड तुटला. तीन वल्ही पाण्यात पडली. कडा आणि बर्फ यांच्यामध्ये एक अरुंद पट्टा उरला होता, तोही बघता बघता आवळत होता. कड्याच्या टोकाला पाण्यालगत एक सपाट शिळा दिसली. मार वल्हं! अजून मार! कॅनू शिळेला धडकली. लेम्पीने उडी मारली, मागून आर्वोने. मी शेवटचा उठलो, पाय निसटला आणि कमरेपर्यंत पाण्यात गेलो. श्वासच थांबला. वरून एक हात आला. आपल्या बोटांवर आर्वोचा भरवसा नव्हता, म्हणून त्याने माझ्या जॅकेटचा पट्टा मनगटाला पिळा देऊन गुंडाळला आणि मला उपसून वर घेतलं. तिघांनी कॅनू ओढली. तिच्यामागे बर्फ शिळेवर येऊन फुटला आणि त्या कांड्यांचा ढीग आमच्या पायांशी किणकिणत कोसळला.

लेम्पीने बर्चच्या झाडाच्या सालीवर विस्तव केला. मी घोंगडीत दात वाजवत बसलो. आर्वो शेजारी बसून ओठ चाचपत होता. खालच्या ओठावर दोरीने एक बारीक लाल रेघ काढली होती.

"केवढी असेल रे?" मी विचारलं.

"काय माहीत. पण आधी तिने नुसतं तोंडात घेतलं. मग मान वळवली. ती मान वळवलेलीसुद्धा कळली मला, मेव्हण्या." एवढं बोलून तो रडायला लागला, आणि खोटं कशाला सांगू, मीही रडलो.

दुपार कलताना वारा पडला, बर्फ सैलावला आणि आम्ही कडेकडेने निघालो. घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. लेम्पीने आम्हा दोघांना सरळ सौनात ढकललं आणि स्वतः सरपण आणायला मागे गेली. तापलेल्या दगडांवर आर्वोने पाणी टाकलं. वाफ उठली, माझ्या हाडांत ऊब शिरली. लेम्पीने दार उघडून भट्टीत चार लाकडं सारली आणि दार लावून निघून गेली.

जरा वेळाने आर्वो नाक वर करून हुंगायला लागला. "मेव्हण्या, रंग जळाल्याचा वास येतोय का रे?"

मी वाकून भट्टीत बघितलं. एका फळीवरची लाल, कलंडलेली अक्षरं एकेक करून काळी पडत होती.

"येतोय," मी म्हणालो, आणि दगडांवर आणखी एक लोटा ओतला.