दानम्माच्या ओव्यांची फाईल

ही गोष्ट खरी आहे. थट्टेवारी न्यायची असेल तर इथंच थांबा. ज्याच्यावर बेतली तो माणूस, भीमाशंकर, लातुरातच आहे, रोज दिसतो.

मागच्या मार्गशीर्षातली गोष्ट. अमावस्येची रात्रबित्र नव्हती हो... भर दुपार होती, रविवारची.

भीमाशंकरची आई, दानम्मा, नुकतीच गेली होती. म्हातारी जळकोटकडं गावी राहायची. जात्यावर बसली की तिच्या ओव्यांना खळ नसायचा. दिवाळीला गेला तेव्हा भीमाशंकरनं तिचं अख्खं दळण मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं. फाईल अशी जाडजूड, की व्हॉट्सॲपवर चढेना.

त्या दुपारी मुदखेडहून बहिणीचा, दीपमालाचा फोन आला.

"दादा, मातीला तर बोलावलं न्हाईस. आईचा आवाज तेवढा पाठव."

"फाईल लई मोठी हाय. जात न्हाई," म्हणून यानं फोन ठेवला.

दीपमालानं आपल्या मनानं लग्न केलेलं. तेव्हापासून भावकीत तिचं नाव काढायचं नाही. आणि म्हातारी तर ओव्यांत लेकीचंच नाव घेत बसलेली!

मग पठ्ठ्या कॉम्प्युटरवर बसला. लेकीच्या ओव्या एकेक करून छाटल्या. उरलेल्याची एमपीथ्री केली, ड्राइव्हवर चढवली, भावकीच्या ग्रुपवर लिंक टाकली. मूळ फाईल पुसून टाकली.

थोड्या वेळानं व्यंकटकाकाचा फोन.

"भीमा, आईचा आवाज कुठाय बाबा? नुसतं जातं फिरून राहिलंय."

त्यानं लावून बघितलं...

घरर्र... घरर्र...

ओवी नाही.

खोकला नाही.

दम लागल्याचा आवाजसुद्धा नाही.

बायकोच्या, उज्वलाच्या मोबाइलवर लावलं. तेच.

"कन्व्हर्ट करताना बिघडली असंल," तो म्हणाला.

तेवढ्यात पुन्हा दीपमालाचा फोन... रडत होती.

"दादा, पोचली रे फाईल. सगळी पोचली."

यानं पाठवलीच नव्हती!

आणि फोनमध्ये, मागं... दानम्मा गात होती.

दळण मी दळीते, चित्त मुदखेड गावाला,
लेक माझी दीपमाला, कुणी आणा गं भेटीला...

छाटलेली ओवी!

मग एका माणसाचा आवाज आला. भीमाशंकरचाच.

"आई, तिचं नाव नको घेऊ. रेकॉर्ड होऊन राहिलंय. लोक ऐकतील."

जातं थांबलं. म्हातारी मुसमुसली... आणि पुन्हा तीच ओवी धरली.

भीमाशंकरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्री भरलं ताट तसंच सोडून उठला.

"आता तरी जावा," उज्वला म्हणाली. "बहिणीला तोंड दाखवा."

सकाळीच तो मुदखेडला गेला. मान वर होईना. दीपमालानं एका शब्दानं विचारलं नाही. पाणी दिलं, मोबाइल पुढ्यात ठेवला, फाईल लावली.

घरर्र... घरर्र...

दीपमालाचे डोळे भरून आले. तिचे ओठ ओवीबरोबर हलत होते. तिची लेक तनुजा हातातलं काम टाकून ऐकत उभी राहिली.

भीमाशंकरनं मोबाइलला कान लावला...

नुसतं जातं.

"बघ, आता तुझी ओवी लागली," दीपमाला डोळे पुसत म्हणाली. "किती मायेनं नाव घेतलं आईनं! ऐकलंस न्हवं, दादा?"

त्यानं बहिणीकडं बघितलं.

"हाव," तो म्हणाला. "ऐकलं."