खबर पक्की आहे का?

कामठीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये प्रेमलताची नोकरी नवीकोरी होती, आणि पहिल्याच आठवड्यात हातमागांच्या गल्लीतून फोन आला, "आग लागली वं बाई!" तेव्हा कामठीचे सगळे फोन हातानंच जोडावे लागत. तिनं घाईघाईनं नागपूरच्या फायर ब्रिगेडची लाईन जोडली... आणि स्वतः बाजूला व्हायचं विसरूनच गेली.

"लवकर पाठवा हो गाडी!" तीच मधे ओरडली.

"बाई, आग तुमच्या घरी लागली का?" पलीकडून शांत, खर्जातला आवाज.

"नाही जी. मी ऑपरेटर."

"मग तुम्ही काहून रडून राहिल्या?"

हा मधुसूदन. खबर आली की उलटा फोन करून 'खबर पक्की आहे का?' विचारायचं आणि मगच गाडी सोडायची, असा त्याच्याकडचा नियम. तो उलटा फोनही प्रेमलताच जोडून देणार! म्हणजे एका आगीमागे दोनदा बोलणं. आधी दोन शब्द, मग चार...

"बरेच दिवस कामठी थंडच होती जी!" एकदा तो म्हणाला.

"तुम्ही काय आगीची वाट पाहून राहिले होते?"

"आगीची नाही..." आणि पुढे नुसतं खाकरणं. आता अशा माणसाला काय म्हणावं! वर्ष झालं, तोंड पाहिलं नव्हतं; पण कुठं धूर दिसला की हिच्या गालावर हसू. शोभतं का हे?

अन् एका रविवारी नागपुरात, लकडगंजच्या तिच्या घरी पाहुणे येऊन बसले. मुलगा वर्ध्याचा, दर प्रश्नाला आधी आपल्या आईकडे बघणारा. पोहे झाले, चहा झाला. आता यमुताईंनी, म्हणजे प्रेमलताच्या आईनं, होकार द्यायचा तेवढा बाकी होता. साखरेचं निमित्त काढून प्रेमलता शेजारच्या वामनरावांकडे धावली आणि फोन उचलला. मधुसूदनचा दुसरा नंबर तिला ठाऊकच कुठं होता? फिरवला एकशे एक!

"फायर ब्रिगेड. आग कुठे?" तोच खर्जातला आवाज.

"आग नाही जी... मी प्रेमलता, लकडगंजच्या वामनरावायच्या फोनवरून. मले पाहायले पाहुणे आले. आई हो म्हणून राहिली. अन् मले... मले तुम्हीच पाहिजे!"

खाडकन फोन ठेवला. ही लाईन अशासाठी नसते, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? नोकरी गेली, अब्रू गेली!

तेवढ्यात घंटी वाजली. वामनरावांनी फोन घेतला आणि डोळे मोठे केले. "फायर ब्रिगेड विचारून राहिली, खबर पक्की आहे का? काहून वं पोरी, काय पेटवलं?"

तिनं रिसीव्हर ओढून घेतला. "पक्की आहे."

पलीकडे खाकरणं. मग एकदम, "ड्यूटी संपलीच माझी. लाल गाडीवर येऊ की सायकलवर?"

"सायकलवरच या... पण घंटी वाजवत. जोरात!"

वामनरावांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी कुंपणावरून मान काढली आणि हाक दिली, "यमुताई, पाहुण्यायले हो म्हणू नका! अन् आणखी एका जणाचे पोहे भिजवा!"