तिसरी नळी

दवाखान्यातल्या लॅबचं दार दोन्ही बाजूंनी उघडायचं. त्या दाराने आजवर जेवढी कपाळं बडवली, तेवढी एखाद्या लढाईतही बडवली गेली नसतील. त्या सकाळी ते आतून ढकललं लॅबवालीने आणि बाहेरून एका उंच तरुणाने, ज्याच्या पाठीवर त्याचे मामा बसले होते. ट्रे उडाला, कापूस उडाला... आणि पाठीवर बसल्या बसल्या मामांनी डाव्या हाताने ट्रे हवेतच झेलला!

"उजव्याला साप चावलाय," मामांनी खुलासा केला. "डावा अजून कामाचा आहे."

लॅबवालीने हसू ओठांतच दाबलं. सगळा दवाखाना तिला सुईताई म्हणायचा. हात इतका हलका, की एकजण म्हणे तिच्यासमोर बाही वर करून बसला तो तिथेच घोरायला लागला, आणि जागा झाल्यावर नळी भरलेली पाहून चोरी झाली म्हणून ओरडला.

"फुरसं होतं," तरुण धापा टाकत म्हणाला. मामाभाच्यांची रोपवाटिका होती. "रिकाम्या कुंड्यांची चळत उचलली, तर खाली हे बसलेलं. मामांना डसलं. मी त्यांना उचललं आणि पळत सुटलो."

मामांचा हात भोपळ्यासारखा सुजला होता, हिरड्यांतून रक्त झिरपत होतं. डॉक्टरबाईंनी एका नजरेत ओळखलं. "यांना आधी सलाईनमधून औषध लावते, वाट बघायची नाही. तू रक्त घेऊन ठेव, आणि सोबतीचीही नळी लाव."

फुरशाचं विष रक्ताची गोठायची ताकदच खाऊन टाकतं. ते ओळखायची रीत मात्र अगदी साधी. कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही, मग एकदाच आडवी करायची. रक्त जागचं हललं नाही तर ठीक. वाहिलं तर विष भिनलं. आणि नळीतच खोट नाही ना, हे कळावं म्हणून शेजारी एका निरोगी माणसाच्या रक्ताची नळी ठेवायची. तीच सोबतीची नळी.

"एक धडधाकट माणूस हवाय," सुईताई म्हणाली.

तरुणाने लगेच बाही सरकवली. "मामांना पाठीवर घेऊन टेकडी उतरलोय. याहून धडधाकट माणूस बनवत नाहीत हल्ली. कधी टोचताय?"

"झालं."

"काय झालं?"

"काढून झालं. कापूस दाबून धरा."

तो नळीकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. तिच्याकडे जरा जास्तच. सुईताईने उगाचच घड्याळात पाहिलं.

दोन्ही नळ्या स्टँडमध्ये उभ्या राहिल्या. उघड्या दारातून पलीकडच्या खाटेवर मामा दिसत होते. सलाईन चालू होतं आणि तोंडही चालू होतं.

तरुण टेबलावर रेलला.

"टेबलाला हात नको!"

"अरेच्चा... बोललेलं चालेल?"

"हळू."

"श्वास?"

"लागेल तेवढाच घ्या."

"मग जरा तिकडे बघा. तुम्ही इकडे बघितलं की जास्त लागतो."

सुईताईचे कान तापले. या खोलीत तिला लोकांनी शिव्या दिल्या होत्या, आशीर्वाद दिले होते, एका म्हातारीने तर चावाही घेतला होता. पण असं काही... छे! तिने मान वळवली. खिडकीच्या काचेत तो हसताना दिसलाच.

वेळ भरली. तिने मामांची नळी आडवी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. ते तर ठाऊकच होतं. मग तिने त्याची नळी उचलली, आणि सहज आडवी केली.

तीही वाहिली.

सुईताईने डॉक्टरबाईंना हाक मारली. डॉक्टरबाई आल्या, त्यांनी नळी उजेडात धरली. "साबणाने धुतलेली तर नाही ना? साबण राहिला तरी रक्त गोठत नाही."

"कोरी आहे. आजच खोका फोडलाय."

"मग खोकाच खराब असेल, नाहीतर..." त्यांनी तरुणाकडे पाहिलं. "तुम्हालाही चावलाय का?"

"मला? छे हो! साप काय, मला डासही चावत नाहीत."

"त्याच खोक्यातली नळी घे आणि तुझं रक्त लाव," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि याला हलू देऊ नकोस." तेवढ्यात औषधाने मामांना हुडहुडी भरली आणि त्या तिकडे धावल्या.

तिने स्वतःच्याच हाताला सुई टोचली. सगळ्या दवाखान्याला न दुखणारी सुई तिला मात्र दुखली.

तिसरी नळी उभी राहिली. त्याने दोन विनोद केले. ती हसली नाही. ती मनातल्या मनात विनवत होती— वाहू दे. माझं रक्त वाहू दे. खोका खराब निघू दे, मी शंभर खोके माझ्या पगारातून आणीन... पण या माणसाचं काही बिघडलेलं नसू दे!

मग तिची नजर त्याच्या कोपराकडे गेली. कापूस लाल झाला होता.

"हा बदलला होता का?"

"तीनदा," तो ओशाळून म्हणाला. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. थांबतच नाहीये."

तिने नळी उचलली. आडवी केली. रक्त ढिम्म! खिळे ठोकून बसवल्यासारखं घट्ट! इतकं सुंदर गोठलेलं रक्त तिने आजवर पाहिलं नव्हतं, आणि ते पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बूट काढा."

"आं?"

"बूट, मोजे, काढा आधी!"

"पहिल्याच भेटीत इतकं—"

"काढा म्हणते ना!"

घोट्यापाशी दोन ठिपके होते. शेजारी शेजारी, अजून ओलसर. "तो काटा आहे हो," तो म्हणाला. "मामांना उचलायला गुलाबांच्या वाफ्याशी वाकलो ना, तेव्हा..." बोलता बोलता त्याचाच आवाज बारीक झाला.

"डॉक्टरबाई!"

ती अशी ओरडली, की छतावरची कबुतरं उडाली ती पुढल्या गावाला जाऊन बसली.

भाच्याची खाट मामांच्या शेजारी लागली. "वाटलं होतं, निदान साप तरी माझा एकट्याचा असेल," मामा म्हणाले. "त्यातही वाटेकरी!" पण म्हणताना त्यांनी डावा हात लांब करून भाच्याची चादर नीट केली.

औषध गेल्यावर सहा तासांनी पुन्हा नळ्या लावायच्या होत्या. सुईताईची ड्यूटी दुपारीच संपली होती. ती गेली नाही. ऊन उतरलं तेव्हा ती स्टँड घेऊन खाटेशी आली. आता त्याचा चेहरा उतरला होता.

"खरं सांगू? भीती वाटतेय."

"वाटू दे. हात इकडे करा."

मामांची नळी, त्याची नळी आणि सोबतीला पुन्हा तिची. मामा गप्प बसले हे पाहून डॉक्टरबाईंनी दोनदा येऊन त्यांची नाडी बघितली.

"सकाळी," तो हळूच म्हणाला, "तुमचं रक्त छान गोठलं, तर रडलात कशाला?"

ती नळ्यांकडेच बघत राहिली. "कारण... मला ते गोठायला नको होतं. नळ्या खोट्या निघाव्यात, असं वाटत होतं. म्हणजे तुम्ही..."

"मी काय?"

"म्हणजे तुम्ही हसत हसत घरी गेला असता."

"आणि मग परत भेटलो नसतो."

"चाललं असतं," ती म्हणाली. "तुम्ही असलात म्हणजे झालं."

तोवर वेळ भरली होती. तिने त्याची नळी उचलली. आडवी केली.

रक्त जागचं हललं नाही.

"गोठलं!" ती उडीच मारणार होती. "गोठलं, गोठलं!"

"नळी खाली ठेव, मग नाच," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि स्वतःच मामांची नळी आडवी करून हसल्या. "मामांचंही ठीक आहे. उद्या पुन्हा बघू."

"बरा झालो की रोपवाटिकेत याल?" त्याने विचारलं.

"तिथे साप आहेत."

"मी पुढे चालेन, तुम्ही मागून या."

"मागून नाही, शेजारून," ती म्हणाली. "आणि दोघंही गमबूट घालून."

मामांनी भिंतीकडे कूस वळवली आणि खोटं खोटं घोरायला लागले, इतक्या जोरात की खाटही हलली. सुईताईने त्याचं मनगट हातात घेतलं.

"नाडी बघताय?"

"नाही," ती म्हणाली, आणि हात सोडला नाही.