आरशातला हात

मागच्या रांगेतला तो माणूस पहिल्या खुनापासून हसत होता.

सिनेमा जुनाच. वर्षाची शेवटची रात्र, सुट्टीला जमलेली मित्रमंडळी आणि सरत्या वर्षाचं सोंग घेऊन कुऱ्हाड फिरवणारा एक म्हातारा. त्याची दाढी दर प्रसंगात वेगळ्या लांबीची, रक्त तर सरळसरळ सरबत. सगळं मान्य. पण म्हणून फिदीफिदी हसायचं?

मध्यंतरात मी वळले आणि त्याला चांगलंच फैलावर घेतलं.

"प्रेमानं हसत होतो हो," तो ओशाळून म्हणाला. "लहानपणी हाच सिनेमा मी पलंगाखाली लपून पाहिलाय."

तो जुने सिनेमे दुरुस्त करणाऱ्या स्टुडिओत होता. हा सिनेमा नव्यानं लागणार होता आणि मालकाला त्यातल्या चुका पुसून हव्या होत्या. आरशात मधेच दिवा धरलेला एक हात दिसतो, तो आधी काढायचा होता.

"तो माझ्या बाबांचा हात आहे," मी म्हणाले.

बाबा लाइटमन होते. जन्मभर पडद्यामागे राबले आणि पडद्यावर दिसले ते एवढेच. ते गेल्यापासून आई दर वर्षअखेरीला तो सिनेमा लावते आणि त्या आरशापाशी थांबवते.

तो लगेच म्हणाला, हात राहील. मी फणकाऱ्यानं सांगितलं, उपकार नकोत.

तरी तो माझ्या चष्म्याच्या दुकानात यायला लागला. दर वेळी त्याच्या चष्म्याचा स्क्रू सैल.

"तुमचाच स्क्रू कसा हो सारखा सैल होतो?"

"नजर सारखी एकाच बाजूला वळते ना... ताण पडत असेल."

मी मान खाली घालून स्क्रू आवळला. जरा जास्तच वेळ.

एका दुपारी तो आला तोच लालबुंद होऊन. मालकानं परस्पर दुसऱ्याकडून तो हात पुसून घेतला होता. हा त्याच्याशी कडाकडा भांडला, सिनेमातून स्वतःचं नाव काढायला लावलं आणि तडक माझ्याकडे आला. दुकानात गिऱ्हाइकं होती, त्याला कसलं भान?

"म्हणे चूक होती. अहो, तो माणूस दिवा धरून उभा होता म्हणून बाकीचे सगळे दिसले!"

आवाज फुटला त्याचा. संतापायची पाळी खरं तर माझी होती, पण दुकानातला सगळा संताप त्यानंच वापरून टाकला होता. बाबांसाठी माझ्याशिवाय कुणी इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी काउंटरमागून बाहेर आले, स्टूल ओढलं.

"बस," मी म्हणाले. "पाणी पी."

त्या 'बस'नं तो दचकला. बसला. ग्लास हातातच राहिला.

"माझा राग अजून गेलेला नाही," तो हळूच म्हणाला.

"राग राहू दे," मी म्हणाले. "त्याच्याबरोबर माणूसही राहिला तर... मला आवडेल."