हिरवी खूण

मुलीच्या प्लेटलेट एकोणीस हजार. तो कागद उशीखाली ठेवून झोप लागेल, असं समजणारी मीच. "सकाळी हातानं मोजून घेऊ," डॉक्टर म्हणाले होते. "खरंच एवढ्या असतील तर दाखल करावं लागेल." त्या 'खरंच'ला धरून मी जागी होते. चिमी मांडीवर तापाने निपचित. तिच्या हातावरची पांढरी चिकटपट्टी, रक्त घेतलं तिथली, मी संध्याकाळपासून दहादा तपासलेली. काय तपासत होते, देव जाणे.

नवऱ्याचे मामा उठून बसले. त्यांची उभी हयात रक्ततपासणीत गेलेली. धाकटे भाऊजीही जागेच होते.

"यंत्र खोटं बोलत नाही, पोरी," मामा म्हणाले. "पण ते बघतही नाही. वीस प्लेटलेट एकमेकींना चिकटल्या, की त्याच्या हिशेबी त्या नाहीतच. आमच्या लॅबच्या मोठ्या बाई काचेवर रक्त पसरून मायक्रोस्कोपखाली डोळ्यांनी मोजायच्या. मग हिरव्या शाईने बरोबरची खूण. त्याशिवाय कमी आकड्याचा कागद बाहेर जायचा नाही."

"मग?"

"बाई वारल्या. पुढं माझ्या लॅबमधल्या जोडीदाराची रात्रपाळी होती. गुरुवार, दोन वाजून चाळीस मिनिटं. एका पोराचा आकडा आला, चौदा हजार. आता कोण मोजत बसतंय, म्हणाला. सहीला पेन उचललं... आणि आतल्या खोलीत, खट्."

"उंदीर असेल," भाऊजी हसले.

"मोजायचा खटका असतो, अंगठ्याने दाबायचा. खट्... खट्... खोलीला बाहेरून कुलूप. त्याने उघडलं."

मामा पुढे सरकले.

"कुणी नाही. मायक्रोस्कोपचा दिवा चालू. खाली काच. त्याने डोळा लावला. चिकटलेल्या प्लेटलेटचे पुंजकेच पुंजके. पोरगं ठणठणीत... आणि काचेच्या कडेला हिरवी खूण."

"जुनी असेल."

"बोटाला शाई लागली, बाळा."

भाऊजी हसले नाहीत. मी विज्ञानाची पदवीधर. तरी चिमीला पोटाशी ओढलं.

चिमी हलली. डोळे किलकिले करून तिने हात पुढे केला.

"मला पण मिळाली."

पांढऱ्या चिकटपट्टीवर हिरवी खूण. बरोबरची.

"कुणी... कुणी केली गं?"

"पांढऱ्या कोटातल्या काकूंनी. म्हणाल्या, मोजून झालं. आता आईला झोपायला सांग."